मैदान नसलेलं कॉलेज

प्राचार्यांनी माझ्या गळ्यातलं खो-खोचं पदक पेनाच्या टोकानं उचललं आणि सोडून दिलं. म्हणाले, “इथं टक्के बघतात, गळा नाही.”

केबिनमधले सगळे हसले. माझे वडील, आमचे अण्णा, तेही हसले. त्यांना वाटलं, सर कौतुक करायलेत. पदक घालून चल, हे त्यांनीच सांगितलं होतं. आम्ही आष्टीकडचे मेंढरं राखणारे. टकरीत जिंकलेला एडका आमच्यात गळ्यात माळ घालूनच घरी आणतात.

शाळेतले खेळाचे सर म्हणले होते, आष्टीच्या कॉलेजात जा, तिथं मैदान हाय. अण्णांचं म्हणणं, जिथं मैदान तिथं पोरं उंडारत्यात. बीडच्या या कॉलेजातून डॉक्टर निघतात. मलाही त्या नावाचीच भूल पडली. खोटं कशाला बोलू.

खेळाडूंच्या राखीव जागेवर प्रवेश मिळाला. मैदान नव्हतंच. होती ती गाड्या लावायची जागा. सराव सुटला. हजेरीत आम्हा चौघींची नावं कधी घेतली नाहीत. “खेळवाल्या आल्यात का?” एवढंच. गुणवंतांच्या सत्काराला माझ्या हातात पाण्याचा ट्रे दिला. वर्गावरचे सर म्हणाले, “पळणारी आहेस ना, पटापट फिर.”

मी ट्रे स्टेजवरच ठेवला, पाहुण्यांसमोर. मी म्हणाले, “मी इथं शिकायला आलते.” आणि निघाले. परत गेले नाही.

आज चाकणला पॅकिंगमध्ये हाय. सुपरवायझर ताईंनी बारावीचा कागद न विचारता कामावर घेतलं, त्यांचे उपकार फिटायचे नाहीत.

परवा धाकटीचा फोन आला. तिला दहावीला माझ्याहून लई जास्त टक्के, आणि खो-खोही जीव तोडून खेळती. “ताई, बीड-आष्टी दोन्हीकडं प्रवेश मिळतोय. अण्णा बीडच म्हणायलेत. मी काय करू?”

दहावीवर थांबलेली मी काय सांगणार? माझ्या रागापायी तिचं डॉक्टर होणं हुकलं तर? अख्खी शिफ्ट हेच डोक्यात. जेवणाच्या सुट्टीत अण्णांना फोन लावला. त्या दिवशी केबिनमधले कशाला हसले, ते पहिल्यांदा सांगितलं. अण्णा म्हणाले, “मंग तवाच का म्हून सांगितलं न्हाई?”



सोमवारची रजा टाकलीय. आधी बीड, मग आष्टी. दोन्हीकडं धाकटीच्या शेजारी उभी राहून विचारणार: मैदान कुठंय, सराव किती वाजता, खेळायला गेलेल्या पोरीचा बुडालेला तास कोण शिकवतं. कॉलेजचं नाव कितीही मोठं असो, नीट उत्तर मिळेस्तोवर फॉर्मवर सही होणार नाही. अण्णांचीसुद्धा.