शिडीला घातलेलं कुलूप

पडदेवाल्या आजींच्या घरात सगळ्यात लाडकी कोण, तर शिडी. लाकडी, दोन तंगड्यांची, जरा कुरकुरणारी. पडदा आपण शिवायचा आणि टांगायचा दुसऱ्याने, हे आजींना आपण रांधून दुसऱ्याच्या तोंडाने जेवण्यासारखं वाटे. सत्तरी उलटली तरी तोंडात पिना धरून त्या थेट छतापाशी पोचत आणि खालचं गिऱ्हाईक डोळे मिटून घेई.

मग त्या पडल्या. शिडीवरून नव्हे हो, सपाट फरशीवर, स्वतःच्या चपलेला अडखळून. मनगट मोडलं. शिक्षा मात्र झाली शिडीला. जावयाने तिला साखळी घालून जिन्याखाली डांबलं आणि किल्ली खिशात टाकली.

"चप्पल मोकळी आणि शिडी आत? शिडीने काय घोडं मारलंय, जावईबापू?"

"आई, तपासणीत हाडं ठिसूळ निघालीत तुमची."

"मग मला घाला कुलूप. बघू कसं घालता ते!"

इकडे लेकीने स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. मोबाइलवर कोणीतरी सांगितलं होतं की म्हातारपणी चरबी म्हणजे वैरीण. झालं! लोणी हद्दपार, बदाम हद्दपार, तेलाची बाटली सगळ्यात वरच्या फळीवर. तिथे पोचायला शिडी हवी आणि शिडी तर कुलपात. जेवायला उकडलेल्या भाज्या. सकाळी अनशापोटी बिनदुधाचा चहा आणि गोळ्यांची पलटण: कॅल्शियमची खडूसारखी, ड जीवनसत्त्वाची पिवळी, वर माशाच्या तेलाची भलीमोठी कॅप्सूल.

"गिळते," आजी म्हणाल्या. "पण पुढच्या तपासणीत सुधारणा दिसली तर कुलूप निघेल. कबूल?"

"कबूल," जावई म्हणाला.

आजींनी एक गोळी चुकवली नाही. तीन महिन्यांनी मनगट जुळलं आणि तपासणीच्या दिवशी नवी चप्पल घालून, ताठ मानेने त्या दवाखान्यात शिरल्या. डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिला आणि कपाळाला आठी घातली.

"हाडं होती तशीच आहेत, आजी. पण ड जीवनसत्त्व अजून इतकं कमी कसं? गोळी कशाबरोबर घेता?"

"बिनदुधाच्या चहाबरोबर," लेकच घाईने म्हणाली. "चरबीचा थेंब नाही घरात. मी स्वतः बघते."

"तिथंच चुकतंय. ही गोळी थोडं तेल-तूप असलेल्या जेवणाबरोबर घेतली की अंगी जास्त लागते. पोट रिकामं असेल तर बरीचशी वाया जाते."

लेकीचं तोंड एवढंसं झालं. आजींनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "रडू नकोस गं. तू मनापासून उपाशी ठेवलंस." मग डॉक्टरीणबाईंकडे वळून म्हणाल्या, "म्हणजे लोण्याची आख्खी वडी खाऊ?"

"अजिबात नाही! लोणी बेताने. बदाम, अक्रोड, मासे, जेवणात चमचाभर चांगलं तेल. माशाच्या तेलाच्या कॅप्सूलने हाडं भक्कम होतात असं मी छातीठोक सांगणार नाही. पण चाला, जिने चढा, थोडं वजन उचला. हाडांना काम नसलं की ती आणखी झिजतात."

"ऐकलंत, जावईबापू? काम द्या म्हणतायत!"

"शिडी सोडून," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "या वेळी पडलात तर खुबा जाईल."

आजींची नजर खिडकीवर गेली. तिथे दवाखान्याचा पडदा एका बाजूने मोडका हात गळ्यात बांधल्यासारखा लोंबत होता.

"हा मी शिवते," त्या उठत म्हणाल्या. "आणि टांगतेही. बघाच तुम्ही."

पडदा शिवून झाला त्या दिवशी कुलूप जावयानेच उघडलं, कारण नाहीतर टेबलावर स्टूल ठेवून चढते, असं आजींनी त्याला बजावलं होतं. दवाखान्यात शिडी उभी राहिली आणि तिच्यावर चढला खुद्द जावई.

"खाली बघू नका! डावीकडचा हूक आधी. अहो, डावीकडचा! खाता त्या हाताकडचा नव्हे, दुसऱ्या!"

"आई, मला गरगरतंय..."

"मला कुलपाकडे बघून गरगरायचं."

आवाज ऐकून डॉक्टरीणबाई धावत आल्या. आजी दोन्ही पाय फरशीवर घट्ट रोवून, सगळा भार देऊन शिडी धरून उभ्या होत्या. पदराच्या गाठीत सोललेले बदाम होते.

"आजी! शिडी?"

"चढलेय का मी?" आजींनी बदाम तोंडात टाकला. "हाडांना काम देतेय. आणि जावईबापू, उतरलात की किल्ली माझ्याकडे द्यायची. उद्या तुम्हाला गल्लीच्या टोकाच्या घरी चार खिडक्या आहेत."