टॉस जिंकल्यावर

राज्याच्या संघाकडून मी चार सामने खेळलो. हे वाक्य आयर्लंडमध्ये मी इतक्या जणांना ऐकवलंय, की आता मी तोंड उघडताच बायको मागून चार बोटं दाखवते. डब्लिनजवळच्या एका क्लबाने मला पगारी बोलर म्हणून आणलं. पाच उन्हाळ्यांत गुडघा गेला, तेव्हा त्यांनी मला मॅनेजर केलं. म्हणजे आता धावायचं नाही, नुसतं चुकायचं.

हंगामाचा शेवटचा सामना. हरलो तर संघ खालच्या विभागात, आणि तिथे पगारी मॅनेजर परवडत नाही, हे अध्यक्षांनी हसत हसत सांगून ठेवलेलं.

आमचा कर्णधार डब्लिनच्या सँट्री भागातल्या ऑफिसात काम करणारा, सरळ आयरिश माणूस. टॉस जिंकून त्याने माझ्याकडे पाहिलं. सकाळभर पाऊस, ढग डोक्याला लागतील इतके खाली, खेळपट्टी कुठली आणि मैदान कुठलं ते कळू नये इतकं हिरवं. शेंबड्या पोरानेही बोलिंग घेतली असती. पण मी पुण्याच्या मैदानांवर वाढलेलो. तिथे टॉस जिंकला की बॅटिंग. विचार करणाऱ्याला आमचे सर स्टंपने हाणायचे. मी हवेत बॅट फिरवली. त्याने डोळे बारीक केले. मी पुन्हा फिरवली, या वेळी झोकात.

बावन्न ऑल आउट. चहावाल्या आजीबाई दारात येऊन म्हणाल्या, "एवढ्यात? मी किटलीसुद्धा लावली नाही रे!"

तासाभरात हरलोसुद्धा. क्लबहाउसमध्ये अध्यक्षांनी विचारलं, "बॅटिंगचं डोकं कोणाचं?"

कर्णधार बुटाची नाडी सोडत होता. "टॉस मी जिंकला. निर्णयही माझाच."

माझ्या तोंडात अंड्याचं सँडविच होतं. मी चावत राहिलो. आता लाज वाटेल म्हणून वाट पाहिली. सँडविचमध्ये मीठ कमी आहे, एवढंच जाणवलं.

अध्यक्षांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "कर्णधारच असा, तर तू काय करणार? वर्षभर राहा, पगाराचं मी बघतो, संघ वर आण."

घरी बायकोने विचारलं, "हरलात ना? मग नोकरी?"

"राहिली."

"ती कशी काय?"

"राहिली," मी म्हटलं.

नव्या हंगामाची पहिली यादी मी ग्रुपवर टाकली. कर्णधार दुसराच. जुन्याचं नाव अकरावं. त्याचं उत्तर आलं, "ग्रँड, बॉस." इथे 'ठीक आहे'ला ग्रँड म्हणतात.

सामन्याला तो सगळ्यांच्या आधी आला. खेळपट्टीवरचं ओलं कव्हर आम्ही दोघांनी ओढलं. एक टोक त्याच्याकडे, एक माझ्याकडे.