बाळकुमच्या बसमधली दोरी

तुम्हाला खिडकीची जागा मिळाली आहे, बस सुटली आहे आणि बाहेर एक बाई बसमागे धावते आहे. खरं सांगा, अशा वेळी तुम्ही कुठे बघता?

बहुतेक माणसं समोरच्या सीटच्या पाठीकडे बघतात. तिथे काही लिहिलेलं नसतं, तरी वाचल्यासारखं बघतात. मी हे आतून पाहिलं आहे आणि बाहेरूनही. बाहेरून पाहिलं ते एकदाच, पण ते अजून माझ्या डोळ्यांसमोरून गेलेलं नाही.

मी पत्रकांच्या घरात वाढले. बाबा एका कारखान्यात युनियनचं काम करायचे. कारखाना बंद पडला, युनियन विरून गेली, पत्रकं काढायची सवय तेवढी राहिली. नंतर ते आमच्या कॉलनीसमोरच्याच छापखान्यात प्रूफं तपासायला लागले आणि मालकाच्या मेहेरबानीने उरल्यासुरल्या कागदावर आपली पत्रकं छापायला लागले. पाणी, गटार, रॉकेल, बस. आमच्या घरी फडताळात वर्तमानपत्र नसायचं, पत्रकं अंथरलेली असायची. डबे उचलले की खाली 'जाहीर निषेध'. आई म्हणायची, "आमची पोरगी ग गणपतीचा शिकलीच नाही. ज जाहीरचा शिकली."

आई स्टेशनजवळच्या एका दवाखान्यात नर्स होती. सकाळपाळी. ती पोचेपर्यंत रात्रपाळीच्या नर्सला हलता येत नसे, त्यामुळे उशीर झाला तर तो दोघींचा उशीर. आणि आमच्या भागातून स्टेशनला वेळेवर पोचवणारी सकाळची बस एकच होती. ती बाळकुम गावातल्या देवळासमोरून सुटायची, आमच्या कॉलनीच्या स्टॉपवरून जायची आणि पुढे गोदामांच्या मागून वळून ठाण्याकडे. स्टॉपवरून जायची, असंच म्हणते. थांबायची नाही. गावातच ती इतकी भरायची की स्टॉपशी येऊन नुसती जरा मंद व्हायची. तरणे पुरुष धावत दांडा पकडायचे, बाकीच्यांना कंडक्टर ओरडून सांगायचा, "मागून रिकामी येतेय!" मागून डंपर यायचा.

म्हणून कॉलनीतली शहाणी माणसं स्टॉपवर उभी राहतच नसत. घरातून निघून उलटं चालत गावात जायची आणि तिथे चढून बसायची. स्टेशनला जायचं तर आधी स्टेशनकडे पाठ करायची, हा आमच्याकडचा रिवाजच होता. नवीन बिऱ्हाड आलं की दूधवाला कोण, वाणी कुठला आणि बस कुठून पकडायची, हे एका दमात सांगितलं जायचं.

आईही तशीच जायची. तो रस्ता मला आमच्या गॅलरीतून दिसायचा. एका बाजूला कारखान्याची लांबलचक भिंत, दुसरीकडे उघडं गटार, मधून दगडखाणीचे डंपर. फुटपाथ नाही. अर्ध्या वाटेवर एक वळण होतं, तिथे भिंत रस्त्यात घुसल्यासारखी पुढे आलेली. डंपर आला की माणसं तिथे भिंतीला पाठ लावून, पोट आत ओढून उभी राहायची. आई त्या वळणाशी जाईपर्यंत मी गॅलरीचे गज धरून असायचे. ती दिसेनाशी झाली आणि पलीकडून हॉर्न वाजला की मी गज आणखी घट्ट धरायचे. मग बराच वेळ कान देऊन उभी. थोड्या वेळाने बस गावातून आमच्या बाजूला यायची आणि मागच्या लांब बाकावर कोळणींच्या मध्ये आईचं पांढरं पातळ दिसलं की मी आत जाऊन चहा प्यायचे. गार झालेला. त्या वर्षांत मी सकाळी गरम चहा प्यायल्याचं मला आठवत नाही.

त्या कोळणी गावातल्याच. खाडीची मासळी घेऊन ठाण्याच्या बाजारात जायच्या. पाट्या पायाशी, नाकाला रुमाल लावलेले कॉलनीवाले पुढे. त्या आईसाठी जागा धरून ठेवायच्या. त्यांच्यातली एक वयस्क मावशी होती. कुणी बसायला गेलं की म्हणायची, "ती नर्सबायची जागा हाय. तुला इंजेक्शन हवा काय?"

बाबांना हे उलटं जाणं मान्य नव्हतं. ते स्वतः बसने जात नसत, छापखाना समोरच होता. पण तत्त्व तत्त्व होतं. "तुम्ही सगळे गावात जाऊन चढता आणि स्टॉप ओस पडतो," ते जेवताना म्हणायचे. "मग बसची कचेरी म्हणणार, इथे प्रवासी आहेतच कुठे? मागणी स्टॉपवर दिसली पाहिजे."

"दिसेल की," आई म्हणायची. "तुमची मागणी उभी राहू दे स्टॉपवर. मी बसायला मिळतं तिथे जाते."

मी सातवीत होते. मला बाबांचं पटायचं. अजूनही पटतं. दुसरी बस मागणं हा आमचा हक्क होता, त्यात चूक काय? पण हक्क मागायला कुणाला उभं करायचं आणि कुठे, हा प्रश्न त्या पत्रकांत कधी नसायचा.

पत्रकांचा मारा इतका झाला की शेवटी बसच्या कचेरीने कळवलं, माणूस पाठवतो, सकाळी स्टॉपवर उभे राहून प्रवासी मोजेल, गरज दिसली तर जादा बस देऊ. बाबांचा चेहरा त्या दिवशी पेटल्यासारखा दिसत होता. त्यांनी घरोघरी जाऊन सांगितलं, त्या सकाळी कुणी गावात जायचं नाही, सगळ्यांनी स्टॉपवर यायचं. गच्चीत सभा झाली. आमच्या खालच्या मजल्यावरचे एक बँकेतले काका सगळ्यांत मोठ्याने टाळ्या वाजवत म्हणाले, "रांग अशी लावू की तो मोजता मोजता दमेल!"

घरी आल्यावर आई म्हणाली, "मला त्यातून वगळा."

"पत्रकं वाटणाऱ्याच्या घरचंच माणूस स्टॉपवर नसेल तर मी लोकांना काय तोंड दाखवू?"

आई भाकरीचं पीठ मळत होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मी बाबांच्या बाजूने मान हलवली असणार, कारण ती म्हणाली, "ठीक आहे. येते. पण बस थांबवायची जबाबदारी तुमची."

त्या सकाळी स्टॉपवर आई, बाबा, मी, काठी घेतलेले एक आजोबा आणि कॉलेजातले दोन मुलगे. झालं. बाकी कॉलनी कुठे होती ते मी घरातून निघताना गॅलरीतूनच पाहिलं होतं. भिंतीच्या कडेकडेने, एकामागे एक, गावाकडे. कुणी मान वर करत नव्हतं. त्यांना दोष देणं सोपं आहे, आणि बाबांनी पुढे तो दिलाही. पण प्रत्येकाला कामावर वेळेवर पोचायचं होतं आणि प्रत्येकाला वाटलं होतं, एक मी नसलो तर काय बिघडतं, बाकीचे उभे राहतीलच.

मोजणारा माणूस सभ्य होता. पाठीला पिशवी, हातात कागद लावलेली फळी. बाबा त्याला गावाच्या रस्त्याकडे बोट करून सांगत होते, "ते बघा! ते सगळे आमचेच प्रवासी!"

त्याने वळून पाहिलं. नीट पाहिलं. मग म्हणाला, "दिसतायत हो. पण मला स्टॉपवर उभे असलेले मोजायला सांगितलंय. चालणारे कुठे लिहू?"

तेवढ्यात बस आली. ती वळणातून बाहेर पडली तेव्हाच एका अंगाला कललेली होती. दारात माणसं लोंबत होती. बाबा हात वर करून रस्त्यात उतरले. दुसऱ्या हातात पत्रकांची चळत. मला वाटलं, आता थांबेल. माझ्या बाबांसाठी थांबेल. ड्रायव्हरने त्यांना वळसा घातला, सवयीने, खड्डा चुकवावा तसा. खिडकीत बँकेतले काका होते. ते ओरडले, "मागची रिकामी आहे हो!" कंडक्टरचं वाक्य जसंच्या तसं. आणि आतून बरेच आवाज एकदम, "चला, चला! जाऊ द्या!"

आई धावली.

मी आईला त्याआधी कधी धावताना पाहिलं नव्हतं. पर्स काखेत, पदर खोचलेला. तिने मागच्या दाराचा दांडा पकडला, एक पाय पायरीवर टेकला. दुसरा टेकायला जागाच नव्हती. आतून डबल बेल वाजली. डबल म्हणजे चल. बसने वेग घेतला. आईचा मोकळा पाय रस्त्यावर आपटत, घासत जाताना मला दिसला आणि समोरून डंपर येत होता. मी ओरडले की नाही ते मला माहीत नाही. डंपर आणि बस एकमेकांना घासल्यासारखे झाले, मध्ये धूळ उठली आणि बस गोदामांच्या मागे वळली. धूळ बसली तेव्हा रस्त्यावर आईची एक चप्पल होती.

"चढल्या त्या," मोजणारा म्हणाला. "चढल्या असतील."

आम्ही दोघं पळत गोदामांच्या मागे गेलो. तिथे बस नव्हती. आईही नव्हती. चहाची टपरी बंद होती, विचारायला कुणी नव्हतं. बाबा रस्त्याच्या डाव्या कडेला बघत चालले आणि मला म्हणाले, "तू उजवीकडे बघ." उजवीकडे गटार होतं. मी गटारात बघत चालले. काळं पाणी, कुणाची तरी फाटकी गोणी. गोणी पाहून माझे पाय थांबले. बाबांनी कडेची एक फांदी उचलून ती उलटली. नुसती गोणी होती.

मग ते म्हणाले, "मी दवाखान्यात चालत जातो. तू घरी बस." छापखान्यातला फोन कित्येक दिवस बंद होता. मी घरी गेले नाही. स्टॉपच्या खांबाला टेकून बसले, मांडीवर चप्पल. तिचा अंगठा तुटलेला होता. शेजारच्या काकू येऊन म्हणाल्या, "अगं, घरी चल, काही खा." मी हलले नाही. येणाऱ्या प्रत्येक माणसाच्या तोंडाकडे बघत होते. कुणी माझ्याकडे सरळ चालत येऊ नये, एवढंच मागत होते. बातमी घेऊन येणारा माणूस सरळ चालत येतो, असं कुठून तरी माझ्या डोक्यात बसलं होतं.

दुपारची बस आली. दुपारची नेहमी रिकामीच असायची. ती स्टॉपवर अगदी शिस्तीत थांबली. आधी बाबा उतरले आणि त्यांनी हात दिला. मग आई. एका पायाला घोट्यापासून गुडघ्यापर्यंत बँडेज, तिने स्वतःच बांधलेलं, आणि दोन्ही पायांत कुणाच्या तरी मोठ्या रबरी सपाता.

"रडतेस काय," ती म्हणाली. "सपाता मावशीच्या आहेत. परत द्यायच्यात. वास येतोय म्हणून टाकू नकोस."

काय झालं ते तिने रात्री जेवताना सांगितलं. तिचा हात दांड्यावरून सुटत होता. आतले लोक तिच्याकडे बघत होते आणि बघत नव्हतेही. मागच्या बाकावरून त्या मावशीने तिचं मनगट धरलं आणि दुसऱ्या हाताने वरची घंटेची दोरी ओढली. एकदा. सिंगल बेल म्हणजे थांब. ड्रायव्हरने गोदामं ओलांडल्यावर ब्रेक मारला. कंडक्टर माणसांतून वाट काढत आला, "दोरी कुणी ओढली? दोरीला हात लावायचा नाही!"

"मी ओढली," मावशी म्हणाली. "बाय हाय ती, मच्छी नाय. वाटेत टाकून द्याला?"

मग कुणीतरी उठून आईला जागा दिली. "खालचे बँकवाले," आई म्हणाली. "घामाघूम झाले होते बिचारे."

बाबा ताटाकडे बघत बसले होते. तसेच म्हणाले, "मी थांबवू शकलो नाही."

आई म्हणाली, "भात घ्या."

कचेरीचं उत्तर आलं. त्या ठिकाणी पुरेसे प्रवासी आढळले नाहीत, जादा बसची गरज नाही. पावसाळ्याआधी स्टॉपचा खांबही उपटून नेला. बाबांनी पत्रक काढलं, जळजळीत. प्रवासी जनता, बेपर्वाई, उग्र आंदोलन. आईने ते उभ्या उभ्या वाचलं आणि विचारलं, "ह्यात माझा पाय कुठे आहे?"

त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून मी लिहायला लागले. आता नव्वदचं दशक सरत आलं आहे. बाळकुमला भातशेतीच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, बस तेवढीच आहे. मीही गावात उलटं चालत जाऊन चढते. वळणावर भिंतीला पाठ लावते. बस आमच्या जुन्या स्टॉपच्या जागेवरून जाते तेव्हा तिथे अजूनही कुणीतरी असतं. नवीन बिऱ्हाडातलं, रिवाज न कळलेलं. ते माणूस धावायला लागतं आणि आत तोच आवाज उठतो, चला, जाऊ द्या. मला त्या आवाजाची डंपरपेक्षा जास्त भीती वाटते, कारण खिडकीशी बसलं की तो माझ्याही घशाशी येतो. दोरी माझ्या डोक्यावरच असते.

गरज आहे की नाही हे स्टॉपवर उभं राहून मोजता येत नाही, हे मी ओरडून सांगत राहीन. दुसरी बस मागतच राहीन. पण ती येईपर्यंत तुमच्याकडे एक मागणं आहे. उद्या सकाळी बसमध्ये चढलात की आधी वर बघा, दोरी कुठे आहे ते हेरून ठेवा. बाहेर कुणी धावताना दिसलं तर समोरच्या सीटची पाठ वाचू नका, कंडक्टरच्या तोंडाकडे बघू नका. हात वर करा आणि ओढा. एकदाच.