मधलेबुवांची फाईल

टोक सोडून नेहमी मधलं काहीतरी धरतात म्हणून आमच्या वजनकाट्यांच्या कारखान्यात त्यांना सगळे मधलेबुवा म्हणत, अगदी तोंडावरही. आपण लिहिलेला प्रोग्रॅम काट्यातल्या चिपला कळेल अशा रूपात बदलतो तो कंपायलर; काटा वेगवान करायला किती जोर लावायचा हे त्याला सांगावं लागतं, शून्य ते तीन. शून्यावर काटा रेंगाळतो. तीनवर पळतो, पण प्रोग्रॅम फुगतो. कोणी काहीच सांगितलं नाही तर कुठली पातळी धरायची, हे ठरवणारी फाईल बुवांकडे होती. त्यांनी तिथे दोन लिहिलं होतं. त्याआधी चार महिने त्यांनी टेबलावरच्या सर्वांत जुन्या, तुटपुंज्या मेमरीच्या काट्यावर प्रत्येक पातळी चालवून पाहिली होती. एरवी त्या काट्यावर त्यांचा चहाचा कप असे. “आज दोनशे दहा ग्रॅम,” असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

नव्या साहेबांना प्रदर्शनात झटपट आकडा दाखवणारा काटा हवा होता. तीन असताना दोनवर का अडायचं, असं त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं. बायकोही मधलीच बहीण बघून केलीत का, असंही. मीही हसलो.

“साहेब, ज्याला वेग हवाय तो तीन मागून घेईल,” बुवा म्हणाले. “ज्याला यातलं काही कळत नाही, त्याच्यासाठी आपण ठरवतोय.”

पुढच्याच आठवड्यात ते मुलीच्या बाळंतपणासाठी रजेवर गेले. साहेबांनी मला बोलावलं आणि मी दोनचे तीन केले. जुना काटा चार पावलांवर होता. त्यावर चालवून पाहिलं नाही.

नवा प्रोग्रॅम दुकानांत गेला. जुन्या काट्यांच्या मेमरीत तो मावेना. शेकडो काटे बंद पडले.

कोणी काय बदललं याची नोंद तेव्हा आमच्याकडे नसे. फाईलच्या माथ्यावर फक्त जबाबदार माणसाचं नाव. चौकशीत साहेबांनी त्यावर बोट ठेवलं. रजेवरून परतलेल्या बुवांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

“फाईल माझी आहे,” एवढंच ते म्हणाले.

महिनाभरात त्यांना घरी बसवलं. जाताना कप नेला, काटा ठेवला.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या सांगण्यावरून मी तीनचे पुन्हा दोन केले आणि माथ्यावर माझं नाव घातलं. निवृत्त होईपर्यंत ते तसंच होतं. नवीन मुलं म्हणायची, काका, पातळी अगदी विचार करून ठरवलीय तुम्ही. मी मान डोलवायचो.