ती खुशीने गेली नाही

रेल्वेतून निवृत्त झाल्यावर मी दौंड सोडलं आणि कारेगावला जागा घेऊन भाड्याने द्यायला खोल्या बांधल्या. आजूबाजूला सगळे कंपन्यांत जाणारे लोक, त्यामुळे खोली कधी रिकामी राहिली नाही. चर्च मात्र दौंडचंच राहिलं. तिथल्या पंच कमिटीत मी बरीच वर्षं होतो.

माझ्या भाडेकरूंत एकही ख्रिस्ती नव्हता. तरी नियम आमचेच होते. दारू नाही, पत्ते नाहीत, रविवारी सकाळी मोठ्याने गाणी नाहीत, आणि लग्न झाल्याशिवाय बाई-पुरुष एका खोलीत नाहीत. एक बिहारी फिटर म्हणायचा, "अंकल के यहाँ तो भगवान भी पूछ के आते हैं." बायको म्हणायची, "चर्चात पाळक व्हायचं सोडून रेल्वेत कशाला गेलात हो?" मला दोन्ही आवडायचं.

मागच्या खोलीत एक जोडी होती. पोरगा भांडगावकडचा, बौद्ध. पोरगी मराठवाड्यातली, जमीनदार घरची, वेगळ्या जातीची. एकाच कंपनीत पॅकिंगला होती दोघं. लग्न झालंय असं सांगून राहिली होती आणि मी विश्वास ठेवला होता. एकदा गव्हाचं दळण घेऊन येताना पोरगी माझ्या बायकोजवळ बोलून गेली की लग्न अजून व्हायचंय. बायकोने ते मला सांगितलं. ते मला का सांगितलं, म्हणून ती आजही स्वतःला दोष देते.

मी पोरीला अंगणात बोलावलं.

"खोटं का सांगितलंस?"

"रूम मिळत न्हाई ना आप्पा. कोर्टात करायचं हाय आमाला. पण नोटीस लागती भिंतीवर. घरी कळलं म्हंजी संपलं."

"आमच्यात लग्नाआधी तीन रविवार चर्चात सगळ्या मंडळीसमोर नावं वाचतात. कुणाची हरकत असेल तर सांगा म्हणतात. चांगलं काम लपून कशाला करायचं?"

ती हसली. "तुमच्यात नावं वाचली की लोक जेवायला येत आसतील. आमच्यात गाड्या भरून येत्यात."

हे मला कुणी समजावून सांगायला नको होतं. माझे आजोबा ख्रिस्ती झाले ते गावाबाहेरच्या वस्तीतून, त्या पोराच्याच समाजातून. पण त्या दिवशी मी आजोबांचा नातू नव्हतो, पंच होतो. पंचाने चौकशी करायची असते. आमच्या चर्चमध्ये कुणाचं लग्न ठरलं की मुलीच्या गावच्या मंडळीला विचारायची रीत आहे. त्याच रीतीने मी तिच्या तालुक्यातल्या एका ओळखीच्या ख्रिस्ती माणसाला फोन केला. गावाचं नाव दिलं, वडिलांचं नाव दिलं, म्हटलं जरा विचारून बघा. तो भला माणूस. गावात गेला आणि सरळ तिच्या घरीच विचारलं.

आठवडा व्हायच्या आत गाडी आली. मामा, भाऊ आणि आणखी दोघं. पोरगा ड्यूटीवर होता. मामाने वाकून नमस्कार केला. "आप्पा, तुमचे उपकार झाले. पोर घ्यायला आलोय." फाटक मी उघडलं. बायकोला चहा टाकायला सांगितला. हरवलेलं लेकरू घरी चाललंय असंच माझ्या मनात होतं, देवाशपथ.

पोरगी दारात आली. तिने भावाकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं.

"आप्पा, ह्यांना सांगा आमचं लग्न झालंय. तुमच्यासमोर झालं म्हणा. एकदा म्हणा."

चौघंही माझ्याकडे बघत थांबले. खरंच थांबले. माझा एक शब्द ऐकायची त्यांची तयारी होती. त्या शब्दाने ते परत गेले असते की नाही, मला माहीत नाही. निदान पोरगा येईपर्यंत वेळ गेला असता.

मी म्हणालो, "मी खोटी साक्ष देत नाही, बाळ."

भावाने तिचा दंड धरला. तिने दाराची चौकट धरून ठेवली होती, तिचा हात मामाने सोडवला. ती ओरडली नाही. चपलाही घातल्या नाहीत. बायको चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली तेव्हा अंगणात मी एकटाच उभा होतो.

पोरगा कामावरून आला, मग पोलीस चौकीत गेला. तिथून मला बोलावणं आलं. मुलगी कशी गेली, त्यांनी विचारलं. कुणी कळवलं हे निघेल म्हणून मी घाबरलो. म्हणालो, "खुशीने गेली. घरची माणसं होती." तिच्यासाठी जे तोंडातून निघालं नाही, ते स्वतःसाठी पटकन निघालं. तक्रार तिथेच थांबली. पुढच्या रविवारी दौंडच्या चर्चमध्ये उभं राहून मी देवाच्या कृपेची साक्ष दिली की एक मुलगी आईबापांकडे परत गेली. लोक आमेन म्हणाले.

त्यानंतर तिचा फोन कधी लागला नाही. कुणी म्हणतं लांब कुठे तरी लग्न लावून दिलं. कुणी काही म्हणत नाही, नुसतं तोंड फिरवतं. बायको आता माझ्याबरोबर प्रार्थनेला बसत नाही. स्वयंपाकघरात एकटी करते.

बाहेरच्यांचा न्याय देवावर सोडा, तुम्ही तुमच्या आतल्यांचं बघा, अशा अर्थाचं शास्त्रात आहे. मी ते अनेकदा मोठ्याने वाचून दाखवलंय. त्या पोरीने आमच्या देवाला कसलंही वचन दिलं नव्हतं. ती फक्त माझ्या खोलीत राहत होती. मोडायला तिच्याकडे आमचं काही नव्हतंच. देवाला दिलेलं वचन माझं होतं, आणि मोडलं ते मी.

मागच्या महिन्यात चौकीत गेलो, जबाब बदलायचाय म्हणालो. तिथला माणूस तरुण होता, नवा. "आबा, जुनं कशाला उकरताय? घरी जा, ऊन हाय." पाळकांना सांगितलं. ते म्हणाले, प्रार्थना करू. मला प्रार्थना नको होती. तिला शोधायला कुणीतरी माणूस हवा होता.

शेवटी सणसवाडीला गेलो. पोरगा आता तिथे राहतो, लग्न केलेलं नाही. त्याने मला खुर्ची दिली, स्वतः उभा राहिला. मी फोनपासून चौकीपर्यंत सगळं सांगितलं. मला वाटलं मारेल.

"आत्ता सांगताय व्हय, आप्पा," एवढंच म्हणाला. मग विचारलं, "शेवटी काय म्हनली ती?"

मी सांगितलं. तो खाली बसला.

जरा वेळाने त्याने मोबाइल काढला आणि रेकॉर्डिंग लावून माझ्यासमोर धरला. वकिलाला दाखवायला लागेल म्हणाला, आणि तुमचं वय झालंय. मी बोलायला लागलो. मध्ये आवाज खाली गेला.

त्याने हात खाली घेतला नाही.

"परत सांगा, आप्पा. आवाज आला न्हाई."

ती खुशीने गेली नाही, मी म्हणालो. तिला ओढून नेलं. फाटक मी उघडलं होतं.