प्रत क्रमांक सतरा

मार्च २०१५, दुसरा मंगळवार, नेकारसुल्म, जर्मनी. हजर: सोप्रानो अकरा, आल्टो नऊ, बास सहा, टेनर दोन, शिवाय संचालक. गैरहजर: तिसरा टेनर, सर्दी.

हजेरी माझ्याकडे होती, कारण त्या कॉयरमध्ये, म्हणजे हौशी गायकांच्या वृंदात, एक यादी धड ठेवू शकेल असं दुसरं कुणी नव्हतं. मी तिथे गेले जर्मन सुधारावी म्हणून. सुधारली ती फक्त चंद्र, झरा आणि सोडून गेलेली प्रियतमा एवढ्यापुरती. दोनशे वर्षांपूर्वीच्या कविता, चार आवाजांत बांधलेल्या चाली, आणि दर गाण्यात कुणीतरी पायी रानात निघालेला. गाणारे बहुतेक मोटारी बनवणारे, दोन गल्ल्या पलीकडून गाडीने येणारे. रानाबद्दल गाताना डोळे मिटायचे आणि बाहेर पडल्यावर पार्किंगवरून भांडायचे.

नवरा म्हणायचा, "एवढा राग येतो तर जातेस कशाला?"

"अहो, प्रतींच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे आहे."

नाताळच्या कार्यक्रमाला आम्ही गाण्यांच्या प्रती भाड्याने आणल्या होत्या. भाड्याच्या प्रती परत करताना पेन्सिलीच्या खुणा पुसून द्यायच्या असतात. मी चोख पुसल्या. मग फेब्रुवारीत हातासरशी कपाटातल्या, कॉयरच्या स्वतःच्या प्रतीही काढल्या. बाण, गोल, 'संचालकांकडे बघा' म्हणून काढलेले चष्मे, नुसती गिचमिड. चार दिवस बसून सगळं खोडलं आणि क्रमांक घातले.

त्या मंगळवारी प्रती वाटल्या. माझ्या शेजारी बसणाऱ्या आल्टो बाई सत्तरीच्या होत्या. त्यांनी सतरा क्रमांक उघडला, पानं उलटली, पुन्हा उलटली.

"ही माझी नाही."

"तुमचीच आहे. फक्त स्वच्छ केली."

"हो, स्वच्छ," त्या म्हणाल्या. मग एका ओळीवर बोट ठेवलं. "इथे तो श्वास घ्यायचा."

त्यांचा नवरा बासमध्ये गायचा. तो वारला होता, आणि ही प्रत त्याची होती. चारही आवाज एकाच पानावर छापलेले असतात. बाई स्वतःची ओळ गायच्या आणि श्वास त्याच्या खुणांवर घ्यायच्या. म्हणजे चुकीच्या जागी. संचालक त्यांच्यावर कायम खेकसायचे, आणि मलाही त्या नुसत्या बेशिस्त वाटायच्या.

संचालक खूश झाले. "चला, आता तरी बाकीच्यांबरोबर श्वास घ्याल." बासमधला एकजण हसला. पाच मिनिटांनी हेच लोक प्रियतमेच्या थडग्याबद्दल ओल्या डोळ्यांनी गात होते. बाई गायल्या नाहीत. निघताना मला म्हणाल्या, रविवारच्या कार्यक्रमातून माझं नाव खोडा. खोडायला तुम्हाला येतंच.

बुधवारी मी पेन्सिल घेऊन त्यांच्या घरी गेले. त्या गुणगुणायच्या, थांबायच्या, तिथे मी खूण करायची. दोन गाणी भराभर झाली. तिसऱ्यात अडलं.

"इथे त्याचा दम पुरायचा नाही. दर वेळी निराळ्याच जागी तुटायचा."

"मग खूण कुठे होती?"

"तीन होत्या. इथे मी बघायचे कुठे? त्याचा तुटलेला दम आठवून हसायचे." त्यांनी प्रत मिटली. "राहू दे."

रविवारी त्या आल्या नाहीत. आल्टो आठ, सगळ्यांचा श्वास अगदी एका जागी. चंद्र उगवला, टाळ्या पडल्या, पार्किंगमध्ये भांडण झालं.

प्रतींमधलं काय दुरुस्त करायचं ते मी हजेरीच्या वहीत मागे लिहायचे; त्यातल्या बाकी सगळ्या ओळींवर, काम झालं म्हणून, बरोबरची खूण आहे. एक सोडून: प्रत सतरा, तिसरं गाणं, श्वासाच्या जागा.