कोल्ह्याची वाकडी मिशी

आमच्या ऑफिसात त्यांना सगळे भिंगकाका म्हणायचे. वन्यजीव छायाचित्रांच्या स्पर्धेत अंतिम फेरीला आलेला फोटो खरा की संगणकावर बनवलेला, हे तेच ठरवत. त्याआधीची तीस वर्षं त्यांनी स्टुडिओत लोकांचे मुरूम पुसण्यात आणि मिटलेले डोळे उघडण्यात घालवली होती. "जन्मभर बनवाबनवी केलीत, म्हणून आता पकडता येते," असं मी चिडवायचो. ते नुसते हसायचे.

काम मात्र डोळ्यांत तेल घालून करायचे. सावली एकीकडे न् उजेड भलतीकडे, पाण्यातल्या हरणाला एक पाय कमी, असल्या लबाड्या ते चहा निवायच्या आत धरत. तरी नियम असा, की संशय आला तर आधी कॅमेऱ्यातली मूळ फाईल मागवायची, मगच शेरा मारायचा. कारण बनावट ठरला की कायमची बंदी, आणि तसं पत्र बाकीच्या स्पर्धांनाही जातं. बारा वर्षांत काकांनी हा नियम एकदाही मोडला नव्हता.

मग सतरा नंबरचा फोटो आला. कोल्ह्याच्या नाकाच्या शेंड्यावर पारदर्शक पंखांचा एक चतुर बसलाय आणि कोल्हा डोळे तिरळे करून त्याच्याकडे बघतोय. मी तोंडात बोट घातलं. काका मात्र खुर्ची ओढून पडद्याला जवळजवळ चिकटले आणि त्यांचा चेहरा उतरला.

"बनावट आहे."

"कशावरून?"

"ती डावीकडची मिशी बघ. सगळ्या सरळ, ती एकटीच वाकडी. चेहरा फार साफ केला की पुतळ्यासारखा दिसतो, म्हणून मी शेवटी एक केस मुद्दाम वाकडा ठेवायचो. हे मी एकाच माणसाला शिकवलंय. नाव बघ."

नावांची यादी फक्त माझ्याकडे असते. सतरा नंबरसमोर त्यांच्या मुलीचं नाव होतं.

"फाईल मागवू या," मी म्हणालो.

"नको. बापाने लेकीला सांभाळून घेतलं, असं कुणी म्हणायला नको." त्यांनी लाल शाईने 'बनावट' लिहून खाली सही केली.

मला तेव्हा त्यांच्यापुढे हात जोडावेसे वाटले. आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते. त्याच दुपारी मी सगळीकडे पत्रं पाठवली.

तिसऱ्या दिवशी मुलगी आली. आरडाओरडा नाही, रडणं नाही. कॅमेऱ्यातलं कार्ड तिने टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "लावा."

एकापाठोपाठ एक अकरा फोटो. पहिल्या चारांत नुसता कोल्हा. पाचव्यात चतुर हवेत. मग नाकावर. शेवटच्यात चतुर उडालेला आणि कोल्हा शिंकतोय. अकराही फोटोंत डावीकडची ती मिशी तशीच वाकडी होती.

काका पुन्हा पहिल्या फोटोवर गेले, पुन्हा शेवटच्यावर आले. फाईलची तारीख, वेळ, सगळं तपासलं. कुठे हात लागल्याची खूण नाही. कोल्ह्याची मिशीच तशी होती, एवढंच. जी वाकडी रेघ ते इतकी वर्षं स्वतःची समजत होते, ती त्या जनावराला कुणी शिकवलेली नव्हती.

"मी आजच सगळ्यांना कळवतो. बंदी उठेल," मी घाईघाईने म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. "बाबा, एकच विचारते. हा फोटो दुसऱ्या कुणाचा असता, तर तुम्ही फाईल मागवली असती?"

काकांनी भिंग टेबलावर उलटं ठेवलं.

"मागवली असती," ते म्हणाले.